माफी वासाची, हाडांची नाही

बाईंच्या मोपेडच्या हँडलला दोन कापडी पिशव्या लोंबकळत असायच्या. एकीत तपासायच्या उत्तरपत्रिका, दुसरीत बैलाची हाडं. जटपुरा गेटातून ती मोपेड फटफटत बाहेर पडली की पानठेल्यावरची माणसं बोलायची थांबत. काही जण तोंड फिरवत. बाईंना ते दिसायचं. मग त्या मुद्दाम वेग कमी करायच्या.

"पाहू दे ना," त्या मला म्हणायच्या. "पाहून पाहून थकतीन."

मी चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या चांद्याच्या, त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी अमरावतीची, पहिलीच नोकरी. वीज केंद्राची राख आणि खाणीचा कोळसा हवेत इतका असायचा की सकाळी दोरीवर टाकलेली पांढरी साडी संध्याकाळी करडी होऊन घरात यायची. बाई रसायनशास्त्र शिकवत. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, लग्न न केलेल्या, म्हाताऱ्या वडिलांसोबत राहणाऱ्या. त्यांच्याच घराच्या मागच्या खोल्या मी भाड्यानं घेतल्या. "तुम्हाला दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही का?" असं कॉलेजात एका भल्या माणसानं मला अगदी काळजीनं विचारलं होतं. त्या वस्तीत सगळी बौद्ध घरं होती, हे त्याला म्हणायचं होतं.

स्टाफरूममध्ये प्रत्येक जण आपला डबा आपल्या मांडीशी धरून जेवायचा. बाई मात्र डबा उघडून मोठ्या टेबलाच्या मधोमध ठेवायच्या. भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. "घ्या" असं कुणाला म्हणायच्या नाहीत, कारण "नको" म्हणायची संधी त्यांना कुणाला द्यायची नव्हती. डबा मधोमध, आणि बाई हात लांब करकरून त्यातून जेवणार. पहिल्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भूक लागली होती, चटणीचा वास छान आला, मी अर्धी भाकर उचलली. आजूबाजूच्यांचे घास हातातच थांबले. बाईंनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं.

"तू सोडियम," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पाण्यात पडलं की पेटते. जपून राह्य."

त्या दिवसापासून मी सोडियम. बाई कुणालाच त्याच्या नावानं हाक मारत नसत. प्राचार्य म्हणजे लिटमस, कारण समोर कोण बसलंय त्याप्रमाणे त्यांचा रंग बदले. बाईंचे वडील जन्मभर कोळशाच्या खाणीत राबलेले, ते कार्बन. आणि पदार्थविज्ञानाचे प्रमुख, जे उपप्राचार्यही होते आणि ज्यांच्या सहीशिवाय प्रयोगशाळेत काचेची नळीसुद्धा येत नसे, ते अर्गॉन सर. "अर्गॉन स्वतः काही करत नाही," बाई समजावून सांगत, "आणि आजूबाजूच्यांनाही काही करू देत नाही."

बाईंचं भय कुठे गेलं होतं कोण जाणे. तुम्हाला देवानं भीती दिलीच नाही, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "त्याचं नाव मधात नको आनू. त्याचा इथी काई संबंध नाई."

वर्गात त्या इंग्रजी आणि पुस्तकी मराठी मिसळून शिकवत. राग आला किंवा आनंद झाला की मात्र थेट त्या भागातल्या झाडीबोलीवर उतरत. कुणी म्हणालं, "मॅडम, पुस्तकात असं दिलंय," की बाईंचा आवाज चढे. "कोन म्हंते? त्याले इथी आना!" म्हणजे ते परीक्षानळीत करून दाखवा. करून दाखवलं की पुस्तकाला मान, नाहीतर पुस्तक बाजूला. साऱ्या कॉलेजात मुलं हे वाक्य एकमेकांना म्हणत. त्यांच्या साड्यांना खाली अ‍ॅसिडची भोकं असत आणि मनगटावर वडिलांचं खाणीतलं जुनं घड्याळ. नवी साडी नेसून आल्या की चार दिवसांत तिलाही भोकं.

हाडांचं खूळ सुरू झालं ते सरकारी दवाखान्यात. कार्बनबाबांची छाती कोळशानं भरलेली. हिवाळ्यात दम वाढला की त्यांना भरती करावं लागे. मी डबा घेऊन गेले होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या खाटेवर एटापल्लीकडचा एक गोंड गडी होता. बांबूच्या ट्रकवरून पडून त्याच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि वर्षापूर्वी डॉक्टरांनी तिथे स्टीलचा गोळा बसवला होता. गोळ्याची दांडी मांडीच्या हाडात आत खोल ठोकलेली. आता तो परत आला होता.

"लोखंड हालते बाई," तो बाईंना सांगत होता. "चालतो तर आतून ठोकते. जंगलात कसा जाऊ?"

हाडांचे डॉक्टर तरुण होते, एका जागी दोन मिनिटं टिकत नसत. बाईंनी त्यांचं नाव पारा ठेवलं होतं. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि दाखवलं. "ही काळी रेघ दिसते? हाड आणि स्टील यांच्या मधली. हाड स्टीलला चिकटतच नाही. मध्ये एक मऊ पडदा तयार करतं आणि त्याला लांब ठेवतं. मग ते डुगडुगायला लागतं."

"काऊन नाई चिकटत?"

"परकं आहे ना. शरीराला कळतं."

"वेगळं बसवते म्हना," बाई म्हणाल्या. "ते आमाले समजते." मग त्या एक्स-रेकडे बघत राहिल्या. "त्या स्टीलवर हाडाचाच थर देला तर?"

डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले. परदेशात असं काहीतरी सुरू असल्याचं त्यांनी वाचलं होतं. हाडात जे खनिज असतं ते धातूवर चढवायचं. मग हाड फसतं आणि त्याला आपलंच समजून त्यावर वाढतं.

"त्यात फसनं कायचं?" बाई म्हणाल्या. "खनिज त्याचंच, तर ते वळखनारच."

गडी ऐकत होता. "माह्या पायाले होईन का ते?" त्यानं विचारलं.

दुसरं कुणी असतं तर काहीतरी गोड बोललं असतं. बाई त्याच्या खाटेवर बसल्या. "नाई होनार. त्याले लय वर्षं लागतीन. तुह्या पायात डॉक्टर आता सिमेंट भरतीन, त्यानं थोडं बरं वाटन."

त्यानं छताकडे बघितलं. "तरी करा तुमी," तो म्हणाला. "पोरगाबी बांबूच तोडते."

दुसऱ्या आठवड्यात पिशवीत हाडं आली.

हाडच का, असं मीही विचारलं होतं. जनावराचं हाड भट्टीत चांगलं भाजलं की त्यातला मांसाचा, चरबीचा अंश जळून जातो आणि पांढरंशुभ्र खनिज उरतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचं ते संयुग बाटलीतल्या रसायनांपासूनही बनवता येतं. पण शुद्ध रसायनं नागपूरहून यायची, त्यांच्या मागणीवर अर्गॉन सरांची सही लागायची, आणि सही होईपर्यंत सत्र संपायचं. हाडं मात्र बाजारामागच्या गोदामात ढिगानं पडलेली. बाई तिथे स्वतः जात, पदर खोचून ढिगात उतरत आणि बैलाच्या नळीची जाड हाडं निवडून आणत. भट्टीत टाकण्याआधी ती उकळून चरबी काढावी लागे. ते काम त्या घराच्या मागच्या अंगणात, कोळशाच्या शेगडीवर करत. माझ्या खिडकीच्या अगदी खाली.

त्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच सांगते, की त्या महिन्यांत वस्तीतली कुत्री रात्रंदिवस आमच्या फाटकाशी बसून असत.

पण वस्तीचा राग वासापुरता नव्हता. ही सगळी कुटुंबं पूर्वी आसपासच्या खेड्यांतून आलेली. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला आणि गावातलं मेलेलं जनावर ओढायचं काम एका दिवसात सोडलं. त्यासाठी मार खाल्ला, उपाशी राहिले, काहींनी गावं सोडली. आणि आता वस्तीतली पहिली एम.एस्सी. झालेली मुलगी, जिच्याकडे बोट दाखवून ते आपल्या पोरींना शाळेत घालत होते, ती पिशवीत भरून हाडं घरी आणत होती.

एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर बाईंना थांबवून घेतलं. मीही होते. वस्तीतले एक जुने कार्यकर्ते उठले. चांगला माणूस. "बाई, आमी हाडं सोडली," ते म्हणाले. "तुमच्या बापानं सोडली. लोकं आता म्हनून राह्यले, पाहा, शिकून सवरून परत तेच. तुमी समाजाची माफी मागा अन् हे बंद करा."

कार्बनबाबा पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी मुलीकडे बघितलं नाही.

बाई उठल्या. "माह्या आज्यानं हाडं ओढली, ती गावाच्या हुकमानं," त्या म्हणाल्या. "नाई म्हनाची सोय नव्हती. ती सोय तुमी करून देली, तुमी सगळ्यायनं. माह्या बापानं करून देली. मी तुमचे उपकार इसरली नाई. पन मले सांगा, आज मले हाडं आनाले कोनं सांगतलं? कोन्या पाटलाचा हुकूम हाये? मी माह्या मनानं आनली, माह्या मनानं भाजली. त्यातून काय काढाचं तेबी मीच ठरवते. हाड तेच हाये, पन हुकूम कोनाचा हाये ते पाहा ना."

मागून एक म्हातारी म्हणाली, "ते ठीक हाये बाई, पन वास लय येते वो. जेवन जात नाई."

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि मग एकदम हात जोडले. "वासाचं खरं हाये. वासासाठी मी माफी मागते. उद्यापासून घरी उकळनार नाई, कॉलेजच्या मागं उकळीन. हाडांसाठी माफी नाई मागत."

त्यांना मी माफी मागताना बघितलं ते तेवढंच एकदा.

सभा मोडली, पण घरातलं भांडण मोडलं नाही. कार्बनबाबांनी त्याच संध्याकाळी ओसरीवर वेगळी शेगडी मांडली आणि आपला भात आपण शिजवायला लागले. मुलीच्या हातचं खाणं बंद. बोलणं मात्र चालूच. राजकारण, पाणी, नळावरची भांडणं, शेजारच्या पोराचं लग्न, सगळ्यावर बापलेक दिवसभर बोलत. जेवणाची वेळ झाली की एक आत, एक बाहेर. माझी पंचाईत व्हायची. मी कधी आत जेवे, कधी ओसरीवर.

ओसरीवरच त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मूल गावाच्या बाजूचं त्यांचं खेडं. दीक्षा घेऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मालगुजाराचा बैल मेला. निरोप आला. यांनी सांगितलं, आता आम्ही उचलणार नाही. बैल तिथेच पडून फुगला. गावानं विहीर बंद केली, दुकान बंद केलं. चौथ्या दिवशी माणसं लाठ्या घेऊन आली.

"माह्या भावाचा हात मोडला," बाबा म्हणाले. "कोनी बसवून नाई देला. वाकडाच जुडला, मरेपर्यंत वाकडाच राह्यला. पन आमी बैलाले हात नाई लावला, पोरी. मी त्या दिवशी म्हनलं होतं, या हातानं पुन्हा हाड नाई शिवनार. मंग आमी चांद्याले आलो, खानीत लागलो." ते शेगडीतले निखारे हलवत राहिले. "ही तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं सगळं पाह्यलं हाये. तरीबी आनते."

"रागावलात तुम्ही तिच्यावर?"

"राग नाई. मी माह्या जाग्यावर हावो, ते तिच्या जाग्यावर हाये. घर एकच हाये ना, म्हनून अडचन होते."

कॉलेजातली अडचण वेगळी होती. एकदा मधल्या सुट्टीत बाई डबा मधोमध ठेवून जेवत होत्या. अर्गॉन सर खिडकीशी चहा पीत उभे होते. ते कधी आवाज चढवत नसत, त्यांचं बोलणं नेहमी गुळगुळीत. कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "काय असतं बघा, माणूस कितीही शिकला तरी हात शेवटी जुन्या कामाकडेच वळतात."

मी तोंडातला घास तसाच धरून बसले. बाईंनी आपला घास शांतपणे संपवला, हात पुसले.

"सर, माझ्या आजोबांकडून गावानं हे काम करवून घेतलं, आणि वर त्यासाठी त्यांना नावं ठेवली," त्या अगदी पुस्तकी मराठीत म्हणाल्या. झाडीबोलीत उतरल्या असत्या तर मला कमी भीती वाटली असती. "मी त्याच हाडावर माझं नाव लावणार आहे. तुम्हाला वाचावं लागेल. छापील असेल."

अर्गॉन सरांनी चहाचा कप ठेवला आणि निघून गेले. त्यानंतर भट्टीच्या विजेच्या बिलाबद्दल एक चौकशी लागली. बाईंनी चौकशीला दर खेपेस भाजलेल्या हाडाचा तुकडा बरोबर नेला आणि समितीच्या टेबलावर ठेवून उत्तरं दिली. समितीच लवकर कंटाळली.

काम मात्र सरळ होत नव्हतं. भाजलेल्या हाडाची बारीक पूड अल्कोहोलमध्ये ढवळायची, त्यात स्टीलची सळी बुडवायची, वीज जोडायची. पांढरे कण हळूहळू सरकत येऊन सळीवर बसत. बघायला फार सुंदर. पण ती सळी भट्टीतून काढून थंड झाली की थर पापडासारखा सुटून यायचा. तापल्यावर स्टील जास्त फुगतं, निवल्यावर जास्त आक्रसतं; खनिज तेवढं आक्रसत नाही, मग ते तडकून उडतं. बाईंनी सळी खरवडून पाहिली, थर पातळ करून पाहिला, भट्टी हळूहळू निववून पाहिली. वर्ष गेलं. टेबलावर पांढऱ्या कपच्यांचा ढीग वाढत गेला.

"सोडून द्या आता," मी एकदा म्हटलं.

"कोन म्हंते?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू म्हंते? तू तर इथीच हायेस."

शेवटी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं, जी नागपूरला कारखान्यात होती, टायटॅनियमच्या सळीचे टाकाऊ तुकडे पाठवले. हा धातू खनिजाच्या जवळपास फुगतो-आक्रसतो. पण तो भट्टीत हवेतला ऑक्सिजन खाऊन खराब होतो. हवा हाकलायला नळीतून कुठला तरी निष्क्रिय वायू सोडणं भाग होतं. वेल्डिंगच्या दुकानातून सिलिंडर आला. त्यावर नाव वाचलं आणि बाई प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सिलिंडर अर्गॉनचा होता.

"पहिल्यांदा कामी आला बापा!" त्या म्हणाल्या.

थर बसला. नखानं निघेना, पाण्यात उकळून निघेना. मग प्रश्न आला जिवंत हाडाचा. मूलच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बाईंचे स्नेही. त्यांनी एका बकऱ्याला भूल देऊन एका मागच्या पायात साधी सळी बसवली, दुसऱ्यात लेप दिलेली, आणि बकरा बाईंच्या अंगणात आणून बांधला. आता थांबायचं होतं. पावसाळा गेला, धान कापून झालं, थंडी आली. बकऱ्याला पाला कोण घाली? कार्बनबाबा. ते रोज सकाळी बाभळीच्या, बोरीच्या डहाळ्या घेऊन येत, बकऱ्याशी बोलत, त्याला फिरवून आणत. बकरा तर जिवंत होता. त्यांची शपथ हाडाची होती.

पुढे या कामाचं काय झालं, तेही इथेच सांगून टाकते, कारण ते थोडक्यात आहे. बाई आणि हाडांचे डॉक्टर मिळून एक निबंध नागपूरच्या परिषदेत वाचून आले. तिथे कळलं की परदेशात हाच थर फार मोठ्या यंत्रानं, प्रचंड उष्णतेत खनिज वितळवून धातूवर फवारतात, आणि तसे खुबे माणसांत बसवायलाही लागलेत. मला वाटलं, बाई खचून येतील. त्या स्टेशनवरूनच हसत आल्या. "आपन बरोबर होतो," त्या म्हणाल्या. "उशिरा होतो, पन बरोबर होतो. अन् चांद्यात तर पहिलेच होतो." निबंध छापून आला, वर नाव बाईंचं पहिलं. त्याची एक प्रत त्यांनी अर्गॉन सरांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवली. मग डॉक्टरांची बदली झाली, सिलिंडर संपला, काम थांबलं. आमच्या लेपाची सळी कुठल्याही माणसाच्या पायात गेली नाही. बाई निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या. ओसरीवरची शेगडीही तशीच राहिली. बाबा गेले त्या दिवसापर्यंत त्यांनी आपला भात आपणच शिजवला, आणि बाईंनी त्यांना एकदाही आत बोलावलं नाही. "ते त्याची शपत हाये," त्या म्हणत. "मी कायले मोडू?" पण तांदूळ निवडून ठेवत त्या. रोज.

मला बाई आठवतात त्या मात्र नेहमी त्या एका दिवशीच्या. बकरा कापला त्या दिवसाच्या.

मूलच्या डॉक्टरांनी मांडीची दोन्ही हाडं काढून, सळीपाशी कापून, ओल्या कापडात गुंडाळून पाठवली होती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर हाड घट्ट धरायला मोठा शिकंजा बसवला होता. हाडांचे डॉक्टर आले होते. लिटमस आले होते, कारण डॉक्टर आले होते. मागच्या बाजूला मुलं बाकांवर चढून उभी. हाडाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी ताटल्या घेऊन टेबलापाशीच होते. अर्गॉन सरही आले. आपण सहज डोकावलो आहोत अशा चेहऱ्यानं ते दाराजवळ उभे राहिले.

आणि त्यांच्या मागून, पांढरा धुतलेला सदरा घालून, दम लागलेले कार्बनबाबा आत आले. कुणी बोलावलं नव्हतं.

"बकरा माह्या हातचा खाऊन मोठा झाला," ते म्हणाले. "त्याचं काय झालं ते पाह्याले आलो."

बाईंनी त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

पहिलं हाड शिकंज्यात धरलं. साधी सळी. बाईंनी पकडीनं धरून थोडी पिळली, ओढली. म्यानातून चाकू निघावा तशी ती अलगद बाहेर आली. आतून एक पातळ मऊ पापुद्रा तिच्याबरोबर आला. एक्स-रेतली काळी रेघ ती हीच.

मग दुसरं हाड. लेप दिलेली सळी. बाईंनी पकड उचलली, आणि थांबल्या. वळून वडिलांकडे बघितलं. खाणीत आयुष्य काढलेले हात होते ते, इतकी वर्षं झाली तरी मनगटं पहारीसारखी.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुमी ओढा."

सगळे बघत होते. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक धरले.

"नाई," ते म्हणाले. "मी हात नाई लावनार. त्या दिवशी जे बोललो ते बोललो. तू ओढ. मी इथी उभा राहून पाह्यतो."

मला वाटलं बाईंना लागेल ते. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते वेगळंच होतं. त्या ताठ झाल्या, जणू कुणी त्यांचीच बाजू घेतली होती. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतः पकड लावली.

सळी हलली नाही. त्यांनी पाय टेबलाला टेकून ओढलं. नाही. डॉक्टर पुढे झाले, कोट काढला, दोन्ही हातांनी जोर लावला, त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. शिकंजा टेबलासकट सरकला, पण सळी जिथल्या तिथे. हाडानं तिला आपल्यात घेतलं होतं. मुलं ओरडायला लागली. डॉक्टर घाम पुसत हसत होते, "सुटत नाही हो! बाई, सुटत नाही!"

बाबा मान पुढे करून बघत होते. हात पाठीमागेच.

तेवढ्यात अर्गॉन सर दारातून टेबलापाशी आले. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच साधं, उघडं कुतूहल बघितलं. भौतिकशास्त्राचा माणूस, समोर इतका साधा, सरळ प्रयोग. राहवलं नाही त्यांना. "मी बघू का जरा?" ते म्हणाले, आणि हात हाडाकडे नेला.

"सर," बाई म्हणाल्या.

हात हवेत थांबला.

"आधी हात धुऊन या. सॅम्पल आहे. असं शिवायचं नाही."

मी ताटल्यांकडे बघत राहिले. लिटमसचा रंग कोणता झाला ते मी बघितलं नाही. बाई अगदी सहज उभ्या होत्या, हातात पकड, पदराला भोकं. डॉक्टरांनी आणि बाईंनी आधीच हात धुतले होते, मीही धुतले होते. बोलणं बरोबरच होतं.

अर्गॉन सर वळले. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले. नळ सोडला. तांबडा साबण होता तिथे, तो त्यांनी हातात घेतला. सगळ्या खोलीत तेवढा पाण्याचा आवाज. मग हात झटकून ते परत आले, बाईंकडे न बघता पकड घेतली, आणि ओढलं. मनापासून ओढलं, हे सांगायलाच हवं. सळी हलली नाही. "चांगलं बसलंय," ते हळूच म्हणाले आणि पकड खाली ठेवली.

बाबांना दम लागला होता, म्हणून मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. रिक्षाची वाट बघत ते कुंपणाला टेकून उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. पण ते हसत होते, आवाज न करता, डोळे मिटून.

"पोरी," ते म्हणाले, "त्यानं साबन दोनदा लावली. पाह्यलं काय तू?"